ती सव्वा मूठ कुठे गेली?

पत्र :

ताई, मी २६ वर्षांचा आहे. अमळनेर तालुक्यात तापीकाठी आमचं गाव. एम.ए. मानसशास्त्र झालंय. मी आणेल आहे. दोन महिन्यांचा असताना आई-वडिलांनी मला एका संस्थेतून आणलं. आठवीत असताना वर्गातल्या एका पोराने ते सांगितलं. घरी मी कधी विचारलं नाही, घरच्यांनीही कधी विषय काढला नाही. पत्र्याच्या पेटीत कोर्टाचा कागद आहे, तो मी चोरून वाचलाय. यंदा कानबाई देवीच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने गहू मोजताना मोठे काका ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, “आठ मुठी झाल्या. याची धरायची का नाही ते एकदाचं ठरवून टाका. कुळाचं काम आहे.” वडील मान खाली घालून बसले. आईने सुपातले गहू उचलून पदरात घेतले आणि आत निघून गेली. मी मोटरसायकल काढली, ती रात्री अकराला परत आणली. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं आहे. मला झोप लागत नाही. मला तुमच्यासारखं फॅमिली थेरपिस्ट, म्हणजे घरच्यांना एकत्र बसवून समुपदेशन करणारा, व्हायचंय. मित्र म्हणतो, आधी तू स्वतःला दाखव. दत्तक माणसाला हे काम जमतं का? तुम्ही स्वतः दत्तक आहात असं तुम्ही मागे एकदा लिहिलं होतं, म्हणून विचारतोय. आणि खऱ्या आईला शोधू का?

उत्तर :

प्रिय भाऊ,

तुला ‘तू’ म्हणते. माझा भाचा तुझ्याएवढा आहे, आणि ‘तुम्ही तुम्ही’ करत मला पुढचं लिहिता येणार नाही.

वर छापलंय ते तुझ्या पत्राचं सार. मूळ पत्र साडेसहा पानांचं आहे. त्यातली चार पानं काकांवर आहेत, दीड पान तुझ्या शिक्षणावर, अर्धं पान झोपेवर. आईवर एक ओळ. ती ओळ मी आठवडाभर पुन्हा पुन्हा वाचतेय. तिच्याकडे येतेच, पण आधी ‘आणेल’कडे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना तुझं ‘मी आणेल आहे’ हे वाक्य चुकीचं छापलंय असं वाटेल. त्यांच्याकडे ‘आणेल’ म्हणजे उद्या-परवा कधीतरी. आपल्याकडे, खानदेशात, म्हणजे आणून झालेलं. बसेल माणूस, करेल काम, आणेल पोर. पुण्यात होस्टेलवर पहिल्याच महिन्यात मी खोलीतल्या मुलीला मोठ्या धीराने सांगितलं, “मी आणेल आहे.” ती म्हणाली, “काय आणणार आहेस?” अकराव्या वर्षापासून छातीवर घेऊन फिरत असलेला शब्द, आणि घाटापलीकडे त्याचा काळच बदलला! मी त्या दिवशी पोट धरून हसले, आणि मग थोडी रडले. तिला मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

मी १९६९ ची. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. दादा, म्हणजे माझे वडील, लोको शेडमध्ये फिटर. आई धुळ्याकडची, घरात अहिराणीच बोलायची. मी अकरा वर्षांची होते त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लिंबाच्या झाडाला झोका बांधला होता, आणि पाळी कुणाची यावरून माझ्याहून चार वर्षांनी मोठी असलेली आतेबहीण चिडून म्हणाली, “तू तर आणेल आहेस.” मला राग आला नाही. वाटलं, बाजारातून आणतात तसं असेल काहीतरी. घरी येऊन विचारलं. आई खापरावर पुरणपोळी टाकत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. “आधी जेवी ले,” म्हणाली. रसात बुडवून दोन पोळ्या खाल्ल्या, तेव्हा हात पुसत शेजारी बसली आणि म्हणाली, “तू मनी आंडेर शे. पन पोटनी नही, गाडीनी.” माझी लेक आहेस, पण पोटची नाही, गाडीची.

मग तिने गाडीचं सांगितलं. पुण्याहून येताना मी रडले किती, दुधाची बाटली थंड झाली तेव्हा मनमाडला चहावाल्याने किटलीतल्या पाण्यात ती कशी धरली, समोरच्या बाकावरच्या म्हातारीने ‘कितवा महिना’ विचारल्यावर तिला उत्तरच कसं सुचेना. तान्ह्या बाळाला तिकीट नसतं, त्यामुळे मी आमच्या घरात बिनतिकीट आले, हा आमच्याकडचा कायमचा विनोद. पुढे दरवर्षी आखाजीला मी तीच गोष्ट मागायचे आणि आई तीच सांगायची. चहावाल्याचा पंचा कधी लाल व्हायचा, कधी हिरवा.

दादा यात कधीच नसायचे. ते उठून बाहेर जायचे. मी ठरवून टाकलं की त्यांना माझं आणेलपण टोचतं. यावर मी २७ वर्षं ठाम होते, यातली बरीच वर्षं दुसऱ्यांच्या घरातली मौनं सोडवण्याचे पैसे घेत होते. २००७ मध्ये एकदा, ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, मी सरळ विचारलं, “दादा, तुम्ही कधी बोलला नाहीत.” ते म्हणाले, “तू मला कधी विचारलंच नाहीस. आईला विचारायचीस. मला वाटलं, तुला माझ्याकडून नको आहे.”

बास. एवढंच होतं ते. दोन माणसं एकमेकांचा मान राखत २७ वर्षं गप्प.

आता तुझ्या ओट्यावर येऊ. बाहेरच्या वाचकांसाठी दोन ओळी: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. नारळाला नथ-डोळे लावून चेहरा करतात, साडी नेसवतात, रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी फुगड्या घालत नदीवर. तिच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू घ्यायची पुष्कळ घरांत रीत आहे, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे. माझ्या नावाची मूठ आमच्याकडे कधी पडली नाही, पण ती घरातल्या दुसऱ्या कुठल्या पोरीच्या नावाचीही पडली नाही. पोटची असो की गाडीची, पोरीला मूठ नाही. त्या एका बाबतीत मला घरात संपूर्ण समानता मिळाली.

तुझी मूठ मात्र पडत होती. पाचव्या पानावर तू जाता जाता लिहिलंयस, सूप आजोबांच्या हातात असायचं आणि ते नावं घेत मोजायचे. आजोबा दीड वर्षापूर्वी गेले. गेल्या वर्षी दुखवट्यामुळे कानबाई बसली नाही. म्हणजे आजोबांशिवायची ही पहिली कानबाई. एवढी वर्षं त्या सुपात नऊ मुठी पडल्या, कुणाला कूळ आठवलं नाही. यंदा आठवलं. मग यंदा बदललं काय? तुझं रक्त तर नाही बदललं. सूप दुसऱ्याच्या हातात गेलं. आणि सूप ज्याच्या हातात जातं त्याच्या डोक्यात त्याच आठवड्यात सातबाराही येतो, हे मला तुमच्या घरातलं एक माणूस न भेटता सांगता येतं. तुझ्या पत्रात केळीच्या पाच एकरांचा उल्लेख उगाच आलेला नाही.

कायद्याचं एकदा उरकून टाकते. तुझ्या पेटीतला तो कोर्टाचा कागद बहुधा हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा, १९५६ खालचा आहे. ज्या मुलाचे आई-बाप ठाऊक नाहीत किंवा ज्यांनी त्याला सोडलंय, त्याला संस्थेकडून दत्तक देताना त्या कायद्याने कोर्टाची आधी परवानगी लागते. (आता संस्थेतलं मूल बाल न्याय कायद्याखाली दत्तक जातं, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो आदेश जिल्हाधिकारी देतात.) कलम १२ सांगतं की दत्तक घेतल्या दिवसापासून तू सगळ्या अर्थाने त्यांचा मुलगा आहेस. कलम १५ सांगतं की रीतसर झालेलं दत्तक रद्द होत नाही. ते काका रद्द करू शकत नाहीत, तुझे वडीलही करू शकत नाहीत, आणि तूही करू शकत नाहीस. वाटणीचं जे काय असेल ते तुझ्या वडिलांनी वकिलाला विचारावं. तू तो कागद घेऊन ओट्यावर जाऊ नकोस. कागद खरा आहे, पण त्याने सुपातली मूठ पडत नाही.

त्याच कलम १२ मध्ये एक गंमत आहे, ती मी शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला दाखवते. जन्माच्या कुटुंबाशी असलेले सगळे संबंध तुटले असं म्हणता म्हणता कायदा हळूच एक धागा ठेवतो: जन्माच्या कुटुंबात राहिला असतास तर ज्या नात्यात लग्न करता आलं नसतं, त्या नात्यात आताही करता येणार नाही. सगळं कापलं, एवढं नाही कापलं. असा कोरडा कायदा, पण त्यालाही पूर्ण कापायचा धीर झाला नाही.

आमच्या धंद्यात कुटुंबाचा नकाशा काढतात, जेनोग्राम म्हणतात त्याला. पुरुष चौकोन, बाई गोल, तीन पिढ्या, कोण कुणाशी बोलत नाही ते वाकड्यातिकड्या रेघांनी. दत्तक मुलाला दोन रेघा जोडून काढतात, एक सलग आणि तिच्या शेजारी एक तुटक. बंगळुरूला शिकत असताना आम्हाला स्वतःच्या घराचा नकाशा काढायला लावला होता. मी सुबक काढला. तिसऱ्याच मिनिटाला एक मल्याळी मुलगा म्हणाला, “तुझी तुटक रेघ कुठेय?” मी विसरले होते म्हटलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, आणि मी कानापर्यंत लाल.

रेघ काढायला विसरणं ही लहान गोष्ट. त्याच वर्षी मोठी घडली. एक कुटुंब आलं (ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदललेत). चौदा वर्षांचा दत्तक मुलगा, दोनदा घरातून पळालेला. नातेवाइकांच्या लग्नात कुणीतरी त्याला सांगून टाकलं होतं. आई-वडील थकलेले, घाबरलेले. दुसऱ्याच भेटीत मी त्या आईला विचारलं, “तुम्ही त्याला आधी का नाही सांगितलंत?” प्रश्न बरोबर होता. आवाज बरोबर नव्हता. ती बाई परत आली नाही. पुढच्या आठवड्यात वडील एकटे आले आणि म्हणाले, तिला इथे यायला लाज वाटते. माझ्या गुरू त्या भेटी काचेपलीकडून बघत असत. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, “तू कुणाच्या आईशी बोलत होतीस?”

मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. कारण माझ्या आईने तर मला नीट सांगितलं होतं, पुरणपोळी देऊन. मग कळलं की मी आईशी बोलतच नव्हते. दादांशी बोलत होते.

म्हणून तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर. दत्तक माणसाला हे काम जमतं का? जमतं. चार भावंडांतल्या तिसऱ्याला जमतं तसंच आणि तेवढंच. लोक मला म्हणतात, ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणून तुम्हाला कळतं. मला हे पटत नाही. जळत असताना माणसाला फक्त आपलंच दिसतं. विझल्यावर, चटका कुठे बसला होता ते नीट बोट ठेवून दाखवता आलं, तर मग कदाचित दुसऱ्याचं दिसायला लागतं. तुझं अजून जळतंय, बाबा. साडेसहा पानं त्याच धुराची आहेत. त्यात वाईट काही नाही, पण या महिन्यात फॉर्म भरू नकोस.

आणि तुझ्या मित्राने ‘आधी स्वतःला दाखव’ टोमणा म्हणून म्हटलं असेल, तरी तो बरोबर बोलला. या शास्त्रातले मोठे लोकही तेच करून बसलेत. मरे बोवेन हा अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ, ज्याच्या कामातून पुढे हे नकाशे आले, त्याने १९६७ मध्ये तज्ज्ञांच्या परिषदेत दुसऱ्यांची कुटुंबं बाजूला ठेवून स्वतःच्या घरच्या भांडणात आपण काय केलं तेच वाचून दाखवलं. आपल्याकडे त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं. माणूस एकटा आजारी पडत नाही आणि एकटा बराही होत नाही, हे त्यांना दिसलं होतं. मला या तंबूंचं फार कौतुक आहे. आपल्या सिव्हिलच्या आवारात स्टो पेटवून बसलेली बायामाणसं पाहिली की ते आठवतात. फरक एवढाच, की आपण त्यांना गर्दी म्हणतो.

शिक्षणाचं थोडक्यात. फॅमिली थेरपिस्ट असा वेगळा परवाना आपल्या देशात नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावतो. तू लावू नकोस. नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लिहिता येत नाही. त्याला पुनर्वसन परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेलं पुढचं शिक्षण लागतं. दुसरी वाट समाजकार्यातून मनोसामाजिक कामाकडे जाते. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत, कुटुंबांवर काम करणारं स्वतंत्र केंद्र आहे. कुठेही जा, एक गोष्ट आधी विचार: माझी भेट बघून मला नंतर चहा पाजून टोचणारं कुणी इथे आहे का? नसेल तर फी कितीही कमी असो, तिथे जाऊ नकोस.

पुढे दत्तक कुटुंबं तुझ्याकडे येतीलच. मूल घेतलेली जोडपी माझ्याकडे येतात ती एकच विचारायला: कधी सांगायचं? त्यांना वाटतं, एखादा मुहूर्त असेल. मी म्हणते, लंगोट बदलत असताना सांगायला लागा. त्याला कळत नसतानाच. तू आम्हाला कसा मिळालास, गाडी कुठली होती, पाऊस होता का. म्हणजे तुमची जीभ वळेल, आणि मुलाला ‘मला सांगितलं तो दिवस’ असा दिवसच आठवणार नाही. तुझ्याकडे तो दिवस आहे, माझ्याकडे आहे. पुढच्यांकडे नसला तर बरं. बहुतेक जोडपी विचारतात, “पण गावात कुणाला कळलं तर?” गावाला आधीच माहीत असतं हो. माहीत नसतं ते फक्त त्या पोराला.

मी स्वतः दत्तक आहे हे मी त्यांना सहसा सांगत नाही. सदरात एकदा लिहिलं, ते तू लक्षात ठेवलंस. खोलीत सांगितलं की समोरची माणसं माझ्याकडेच बघायला लागतात, मी बरी निघाले का वाईट, हे त्यांच्या मुलाचं भविष्य म्हणून वाचतात. त्यांच्या पैशात माझी कुंडली कशाला?

आता ‘खऱ्या आई’चं. शब्दावरून मी तुला टोकणार नाही, मीही हाच शब्द वापरायचे. जन्मदातीला शोधण्याची रीतसर वाट आहे. २०२२ च्या दत्तक नियमावलीत ती लिहिलेली आहे: १८ वर्षं पूर्ण झालेली दत्तक व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, संस्थेकडे किंवा केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, ज्याला सगळे ‘कारा’ म्हणतात. सुरुवात जळगावच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून कर. त्रयस्थ माणसाला तुझ्या वतीने शोधायची परवानगी नाही, त्यामुळे ‘मी काढून देतो माहिती’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या हातात पैसे ठेवू नकोस. आणि तुझ्या हक्कापुढे तिचा खासगीपणाचा हक्क उभा असतो. तिने नाव सांगू नये असं लिहून ठेवलं असेल तर तिची संमती लागते. माझ्या फाइलमध्ये चार ओळी होत्या आणि शेवटची ओळ तीच होती. मी तिथे थांबले. त्यानंतर काही महिने एसटीत समोर बसलेल्या प्रत्येक साठीच्या बाईचे कान बघायचे, माझ्यासारखे आहेत का. मग ते सुटलं. कधी सुटलं ते लक्षात नाही.

शोधणं म्हणजे घरच्यांशी बेइमानी असं तुला वाटतं, ते पत्रात दोनदा आलंय. नाही रे. सयाजीराव गायकवाड आपल्या वेशीवरचे, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. शेतकऱ्याचा गोपाळ १८७५ मध्ये बारा वर्षांचा असताना बडोद्याच्या जमनाबाईंना दत्तक गेला. ‘इथे कशाला आलास’ विचारल्यावर ‘राज्य करायला’ म्हणाला, ही गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. कवळाण्यात मागे राहिलेल्या उमाबाईचं, त्याच्या जन्मदात्या आईचं, त्या रात्री काय झालं असेल, हे मला एकाही माणसाने सांगितलेलं नाही. आपण दत्तकाच्या गोष्टीत नेहमी पोहोचलेलं गाव बघतो, सुटलेलं नाही. तुला सुटलेलं बघावंसं वाटलं तर बघ. फक्त एवढं कर, ते घरात सांगून कर. पेटी एकदा चोरून उघडलीस, पुरे.

आणि सांगायचं तर आधी बोलायला हवं. ओट्यावर परत चल. काका बोलले. वडिलांनी मान घातली. आई उठली. तू गाडी काढलीस. चौघांनी चार दिशांना तोंडं केली, म्हणून कुणी कुणाचा चेहरा पाहिला नाही. वडील तुझ्याबद्दल गप्प बसले असं तू लिहितोस. मला ते तसं दिसत नाही. ते थोरल्या भावासमोर गप्प बसले. तसे ते किती वर्षं बसत असतील, तू जन्मायच्या आधीपासून, ते तुला माहीत आहे का? त्यांना विचार. पण घरात नको. रात्रपाळीची वीज असते तेव्हा केळीला पाणी द्यायला त्यांच्याबरोबर जा. अंधारात, मोटार चालू असताना, एकमेकांचं तोंड दिसत नसताना आपल्याकडचे पुरुष बोलतात. मी बाप-लेकांच्या किती भेटी खोलीत वाया घालवल्या आणि नंतर त्यांना शेतात पाठवलं! “तुम्ही का बोलला नाहीत” असं विचारू नकोस, त्यात माझा तो जुना आवाज येईल. “मला आणलं त्या दिवशी तुम्ही काय कपडे घातले होते” असं काहीतरी विचार. लहान विचार. मोठं आपोआप येतं.

काकांशी सध्या काही बोलू नकोस. ते वडिलांचं काम आहे, ते त्यांच्यासाठी ठेव.

झोप तीन-चार आठवड्यांत सुधारली नाही, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर वाट बघू नकोस. १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

आणि आता ती एक ओळ. ‘आईने सुपातले गहू उचलून पदरात घेतले आणि आत निघून गेली.’ तू लिहिलंस आणि पुढच्या ओळीत मोटरसायकलवर बसलास. मी तिथेच अडकलेय. भर ओट्यावर, थोरल्या दिरासमोर, कानबाईच्या सुपात हात घालायचा आणि गहू उचलून न्यायचे, हे तुझ्या आईच्या वयाच्या बाईने केलं आहे. त्या दिवशी त्या ओट्यावर सगळ्यांत मोठ्याने कोण बोललं, ते परत एकदा बघ.

किती गहू घेतले तिने? किती मुठी? आत जाऊन काय केलं त्यांचं? परत सुपात टाकले, की वेगळे दळले? दुसऱ्या दिवशी तुझ्या ताटात जो रोट आला, तो कोणत्या पिठाचा होता? तू खाल्लास का? हे काही तू लिहिलेलं नाहीस, कारण तुला माहीतच नाही.

कापसाची वेचणी सुरू होईल आता. तिच्या शेजारची सरी धर. हात कामात असले की तिला तुझ्याकडे बघावं लागणार नाही. तिला विचार, “माय, ते गहू तू काय केलेस?” आणि ती काय म्हणते ते मला लिहून पाठव. काकांची चार पानं पाठवू नकोस.

तुझी,
ताई